डाव्या मडगार्डचा पोचा

आबा,

आपण कोकणात गेलो होतो त्या उन्हाळ्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे, म्हणजे तसं पाहिलं तर तुम्हाला चार शब्द सुनवायचा हक्क मला पोचतो. पण सुनवायचं काही नाही. कबूल करायचं आहे, आणि तुम्ही समोर नाही म्हणून तर ही हिंमत. जन्मभर शाळेत मुलींना ‘काय झालं ते सरळ सांग, पाल्हाळ नको’ म्हणत आले आणि स्वतःवर वेळ आली तर बघा, शाई वाळेपर्यंत दुसरी ओळ सुचत नाही.

दुसरी मोठी लढाई नुकती संपली होती. राहात्याच्या अलीकडे आपलं ते मिशनचं लहानसं हॉस्पिटल, त्यात एकच डॉक्टर, आपल्या डॉक्टरबाई; नगरच्या लष्करी कँपातून लिलावात आलेली एकच मोटार; आणि तिचा एकच ड्रायव्हर, तुम्ही. बावीस वर्षं तुम्ही मिशनच्या गाड्या चालवत होता. गावात तुम्हाला नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. आईसुद्धा शेजारणीला सांगताना ‘आमचे डायवर’ म्हणायची. मला मोटार शिकवायची कल्पना मात्र बाईंची. तुम्ही हिवतापाने आठ दिवस अंथरुणात होता तेव्हा बाळंतपणात अडलेली एक बाई बैलगाडीतून येता येता वाटेतच दगावली. बाईंनी ते मनाला फार लावून घेतलं. म्हणाल्या, ‘लढाईत बायकांनी ट्रक चालवले, मग तुमच्या मुलीला ही मोटार का जमू नये?’ मी तेव्हा मिशनच्याच शाळेत नुकती शिकवायला लागले होते. तुम्ही मला खालून वर पाहिलंत आणि म्हणालात, ‘जमंल की. पाय पुरले म्हंजे झालं.’ पाय पुरत नव्हते. तुम्ही स्वतः दाभण घेऊन बसलात आणि पोत्यात काथ्या भरून माझ्या पाठीला जाड गादी शिवून दिलीत. लग्नात मला पुष्कळ काही मिळालं, पण त्या गादीसारखी भेट पुन्हा कुणी दिली नाही.

कालव्याच्या बांधावर आपण शिकायचो. चढणीवर थांबायचं, हातब्रेक ओढायचा, आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. मी घसरायचे. गिअर टाकताना करकर आवाज झाला की तुम्ही शांतपणे म्हणायचात, ‘दात खाती बघ गाडी तुज्यावर.’ ओरडला असता तर बरं वाटलं असतं. नगरला परीक्षा घेणाऱ्या साहेबाने मला दोनदा विचारलं, गाडी चालवणार कोण, म्हणून. आणि लायसन हातात देतानाही ते तुमच्याकडे बघूनच दिलं.

त्या हिवाळ्यात बाईंना न्यूमोनिया झाला आणि त्या उठल्या त्या अर्ध्या होऊनच. कोकणात समुद्रकाठी त्यांच्या मामांचं घर होतं. तिथली हवा घ्यायची, आणि जायचं ते मोटारीनेच, असं त्यांनी ठरवलं. पेट्रोल अजून कुपनावर होतं. ती कुपनं त्या चार महिने साठवत होत्या. म्हणायच्या, घाट उतरलं की पुढचा किनाऱ्याकिनाऱ्याचा रस्ता इतका देखणा आहे, आणि वाळू इतकी मऊ, की बघितल्यावरच मी निम्मी बरी होईन. बेत असा होता की तुम्ही चालवणार, मी शेजारी बसून सपाट रस्त्याला तासभर तुम्हाला विसावा देणार.

मग रोज संध्याकाळी चुलीपाशी आपली तयारी सुरू झाली. आई भाकरी थापतेय, मी पाटावर शाळेची कोरी वही घेऊन बसलेय, आणि तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून रस्ता सांगताय. ‘लिही. कोल्हारचा पूल. तितं गाड्या अडत्यात, हारन द्यायचा न्हाई, बैल बुजत्यात. नगरात पान्याची छागल भरून घ्यायची. सुप्याच्या म्होरं ऊन लई, लिंबाखाली थांबून टायर गार करायची. शिरूरचा पूल आला की खालच्या गेरात.’ पुणं, मग लोणावळा, मग खंडाळ्याचा घाट. तो तुम्ही तरुणपणी मिशनच्या जुन्या साहेबांबरोबर दोनदा उतरला होता, आणि एकेक वळण तुम्हाला तोंडपाठ होतं. कुठे डोंगर उजव्या अंगाला, कुठे दरी, कुठे पाण्याचं टाकं. घाटाच्या पुढचं तुम्हालाही माहीत नव्हतं. ‘म्होरं विचारत जाऊ,’ म्हणालात. मी घाटाची पानं तीनतीनदा लिहून काढली. रात्री डोळे मिटले की ती दरीच दिसायची. ती भीती माझ्या चालवण्याची नव्हती, आबा. तुमच्या चालवण्याची होती.

तुम्हाला दिसेनासं झालं होतं. तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं, पण मी शेजारी बसत होते, मला कळत होतं. समोरून बैलगाडी आली की तुम्ही फार आधी बाजूला घ्यायचात. दोन्ही बाजूंनी कोणी आलं तर डोकं वळवून वळवून बघायचात. रविवारी मिशनच्या देवळात गीतांचं पुस्तक उघडून उभे राहायचात आणि पान उलटायला विसरायचात, कारण गाणी पाठच होती. एकदा मी नुसतं म्हटलं, ‘आबा, बाईंना डोळे दाखवा ना.’ तर तुम्ही ताट बाजूला सारलंत. ‘डोळ्याला काय धाड भरलीय? बावीस वर्सं ह्याच डोळ्यांनी गाडी हाकली न्हवं मी?’ आई माझ्याकडे अशी बघायला लागली की मी ताट पुन्हा तुमच्यापुढे सरकवलं. बाईंना सांगावं तर तुमची गाडी जाणार. न सांगावं तर तुम्ही पाठ केलेल्या वळणांच्या भरवशावर आजारी बाईंना आणि मला घेऊन घाट उतरणार. मी रोज शाळा सुटल्यावर बाईंच्या दारापर्यंत जायचे आणि कुणा मुलीच्या गुडघ्याला लावायला आयोडीन मागून परत यायचे. हॉस्पिटलात आयोडीनला जणू माझ्यामुळेच तोटा आला असेल.

निघायला आठ दिवस होते. रविवारची दुपार. सकाळी तुम्ही कोल्हारहून एक पेशंट आणून सोडला होता आणि जेवून आडवे झाला होता. मी मनाशी म्हटलं, घाटात कुठे मलाच गाडी मागे घ्यायची वेळ आली तर? म्हणून किल्ली घेतली आणि मोटार उलटी फाटकातून बाहेर काढायला गेले. उजव्या बाजूला मान वळवून बघत होते, इतकं लक्ष देऊन की डाव्या बाजूचा चुन्याचा खांब विसरलेच. आवाज फार मोठा झाला नाही. उतरून बघते तो डाव्या मडगार्डला वीतभर पोचा, आणि त्यावर पांढरा चुना. कुणीही बघितलं नव्हतं. मी पदराने चुना पुसला, मोटार होती तशी आत लावली आणि किल्ली खिळ्याला अडकवली. संध्याकाळी सांगायचं असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखी मोटार पुसायला घेतलीत. मी अंगणात तांदूळ निवडत होते. ओलं फडकं मडगार्डवरून जाता जाता थांबलं. तुम्ही फडकं खांद्यावर टाकलंत आणि उघड्या बोटांनी तो पोचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपलात. मग पुन्हा चाचपलात. मी म्हणणार होते. तुम्ही फाटकापाशी गेलात, खांबाला हात लावलात, हाताला चुना लागला तो बघत उभे राहिलात, आणि मी सुपातले तांदूळ उगीच पाखडत राहिले.

जेवताना तुम्ही आईला म्हणालात, ‘आज सकाळच्याला खांब घासला माज्याकडनं.’

आई म्हणाली, ‘घासला तर घासला. लोखंडच हाय, कुनी मेलं न्हाई.’

‘घासला त्येचं न्हाई गं,’ तुम्ही म्हणालात. ‘मला कळलं सुदीक न्हाई, त्येचं.’

तव्यावरची भाकरी माझ्या हाताखाली करपली आणि आईने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तेवढीच काय ती मला शिक्षा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आपण होऊन बाईंच्या टेबलावर किल्ली ठेवलीत. बाईंनी डोळे तपासले. काचबिंदू होता; गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राहील तितके दिवस राहील. बाई रागावल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या की कामावरून काढायचा प्रश्नच नाही, गाडीची देखभाल तुमच्याकडेच राहील, चालवेल मुलगी. घर राहिलं, पगार राहिला. ड्रायव्हर मात्र राहिला नाही. तुम्ही केलंत ते योग्यच होतं, हे मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले आहे. घाटात आपण तिघंही गेलो असतो. पण तुम्ही ज्यासाठी किल्ली ठेवलीत ते तुमच्याकडून झालंच नव्हतं. आणि त्या सकाळी बाईंच्या दाराशी उभं राहून ऐकताना मला काय वाटलं ते सांगायला हवं. मला आनंद झाला. घाटाचं संकट टळलं म्हणून झाला, आणि मोटार आता माझी म्हणूनही झाला. पहिला किती आणि दुसरा किती, हे मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही.

तो आनंद दुपारपर्यंत टिकला. मग लक्षात आलं की घाट आता मीच उतरायचा आहे. आठ दिवस मला अन्न गेलं नाही. निघायच्या दिवशी पाळकसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली, आणि त्यांचे डोळे मिटलेले असताना आईने मागच्या चाकाखाली लिंबू सरकवलं. तुम्ही शेजारी बसलात. बाई म्हणाल्या होत्या, तुम्ही घरी आराम करा, पण तुम्ही ऐकलं नाहीत. ‘तिला घाट ठावं न्हाई. मी बोलत ऱ्हाईन,’ म्हणालात. आणि खरोखर बोलत राहिलात. घाटात मी वहीकडे बघूच शकत नव्हते. मागे बाई खोकताहेत, समोरून एक ट्रक चढतोय, आणि तुम्ही नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून सांगताय, ‘लई पळती, दुसरा टाक. ब्रेकवर भरवसा ठिवू नगं, गेरवर ठेव. आता डाव्या हाताला डोंगर यील. आला का?’ आला होता. प्रत्येक वळणाला तुमचा पाय रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबायचा, तो मला दिसायचा. खाली उतरल्यावर मी गाडी थांबवली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले. तुम्ही छागलीतलं पाणी माझ्या हातावर ओतत म्हणालात, ‘मी पयल्यांदा उतरलो तवा मीबी वकलो हुतो. कुनाला सांगू नगंस.’ मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मामांच्या घरी पोचलो आणि तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, ‘जा, ड्रायव्हरना किनाऱ्याच्या रस्त्याने फिरवून आण, मी जरा पडते.’ तो रस्ता बाई म्हणाल्या तसाच होता. सुरूची झाडं, त्यांच्या फटींतून पाणी, एक टेकाड चढलं की खाली अर्धगोल पांढरी वाळू, ती संपते तोवर दुसरी. मी एकेक सांगत होते आणि तुम्ही म्हणत होता, ‘दिसतंय की मला, पांढरं पांढरं.’ एका जागी वाळूत उतरायला चांगली वाट होती. तुम्ही म्हणालात, ‘हितंच वर थांबू.’ पण मला फुशारकी चढली होती. घाट उतरलेली बाई मी. म्हटलं, आबा, तुम्हाला अगदी पाण्यापाशी नेते. वाळू ओली, घट्ट, चाकाचा माग जेमतेम उमटत होता. समुद्र लांब होता. मी मोटार मधोमध लावली, तुमचा हात धरला आणि आपण पाण्याच्या दिशेने चालत गेलो. तुम्ही धोतर वर खोचलंत, पायांवर पाणी घेतलंत आणि कितीतरी वेळ खडकावर बसून राहिलात.

आबा, त्या वहीत मी सगळं लिहिलं होतं. पूल, लिंबाची झाडं, पाण्याची टाकी. भरती कुठे लिहिलेली नव्हती. शाळेत मी भूगोल शिकवत होते, फळ्यावर चंद्र काढून भरती-ओहोटी समजावत होते, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्याकडे प्रवरेचं पाणी एकदा हटलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या वाळूत लोक बैलगाड्या सोडतात, टरबुजाचे वाफे करतात, खुशाल झोपतात. मोकळी पडलेली वाळू म्हणजे जमीन, हे आपण गृहीतच धरलेलं. डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण जाता जाता थांबली आणि म्हणाली, ‘भरती लागली. मोटार काढा आधी. देशावरचे का तुम्ही?’ मी वळून बघितलं तर पाणी बाजूच्या खोलगटातून वळसा घालून चाकांना लागलं होतं. तुम्हाला खडकावरच सोडून मी पळत सुटले. मोटार सुरू झाली, पण चाकं जागच्या जागी फिरली आणि खाली खाली जात राहिली. पाणी पायाखालच्या पत्र्यावर आलं. मी काय ओरडत होते मला आठवत नाही. कोळीवाड्यातली दहाबारा माणसं दोर घेऊन आली आणि होडी ओढतात तशी त्यांनी एका सुरात ती मोटार ओढून वर काढली. तुम्हाला त्या कोळिणीने हाताला धरून वर आणलं होतं.

तोवर कुणीतरी बाईंना सांगितलं होतं. त्या तशाच आजारी, शाल गुंडाळून, चालत आल्या. मोटार खाऱ्या पाण्याने निथळत होती. ती मोटार गेली असती तर राहात्याच्या त्या सगळ्या अडलेल्या बायकांनी यायचं कशातून, हेच त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी विचारलं, ‘इथे कोणी लावली?’ मी तोंड उघडलं. माझ्या आधी तुम्ही बोललात. ‘बाई, तिचा दोस न्हाई. मीच म्हनलं, हितं लाव. आमच्या नदीत लावतो तसं वाटलं मला.’ बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग त्या तुमच्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘ड्रायव्हर, तुम्हाला दिसत नाही. यापुढे तिला काही सांगत जाऊ नका.’

मामांच्या विहिरीवर आपण मोटार धूत होतो. गोडं पाणी मारून मारून मीठ काढत होतो. मी रडत होते, पण रडणं म्हणजे बोलणं नव्हे. तुमचा हात डाव्या मडगार्डवर आला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘रडती कशापायी? आसू दे आनखी एक माज्या नावावर. लायसन गेलेल्या मानसाचं काय जायचंय?’ आणखी एक, म्हणालात. तुम्हाला ठाऊक होतं का, आबा? की फाटकाचा एक तुमचा स्वतःचा आणि हा दुसरा, एवढंच म्हणायचं होतं? तेव्हा विचारायची वेळ होती, सांगायचीही होती, दोघंच होतो, मामांकडचं कुणी जवळपास नव्हतं. मी बादली उचलली आणि पाणी आणायला गेले.

दोन दिवसांनी मोटार चालू झाली. परत येताना घाट चढायचा होता. तुम्ही शेजारी बसला होता आणि बाईंचा शब्द तुम्ही पाळलात. तळापासून खंडाळ्यापर्यंत तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. एका चढणीवर मी चुकीचा गिअर टाकला, मोटार दात खात मागे घसरली, आणि तेव्हाही तुम्ही गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत बसलात. मी कसाबसा हातब्रेक ओढला. मला वाटलं होतं तुमच्या चालवण्याची भीती मला जास्त वाटते. तसं नव्हतं. तुमच्या आवाजाशिवायची भीती फार मोठी होती, आणि ती मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतली होती. पुढे पाचसहा वर्षं मी ती मोटार चालवली, लग्न होईपर्यंत. तुम्ही रोज ती पुसलीत, आणि मला कधीही काही सांगितलं नाहीत, खराब रस्त्यालासुद्धा नाही.

हे सगळं का आज, ते सांगते. नगरला सावेडीत आम्ही राहतो तिथे माझी सून मागच्या महिन्यात गाडी शिकली. मे महिन्यात आम्हाला सगळ्यांना कोकणात समुद्रावर न्यायचं तिने ठरवलंय, नकाशे काय काढतेय, कुठे मुक्काम करायचा ते फोनवर काय विचारतेय. मघाशी मनात आलं होतं की हे लिहून झालं की कागद तिच्याच हातात द्यावेत. ते काही होणार नाही, माझं मला कळतंय. कपाटात साड्यांखाली जातील. काल संध्याकाळी तिने सोसायटीच्या फाटकाला गाडी घासली. चपलासुद्धा न काढता आत आली आणि सगळ्यांसमोर एका दमात म्हणाली, ‘आई, माझ्याकडून गाडी घासली. दार पार चेपलंय.’ मी बघतच राहिले तिच्याकडे. इतकं सोपं असतं ते. मी तिला पाणी दिलं, शेजारी बसवलं, पाठीवरून हात फिरवला, आणि तिला धीर यावा म्हणून म्हटलं, ‘अगं, होतं असं. माझे वडील बावीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यांनीसुद्धा एकदा खांबाला घासली होती.’